एकाच वेळी चार गोधड्या: नवं शिवणं आणि जुनं सांधणं घरच्या घरी कसं जमवावं

गोधडी हे लांबणारं काम. एक पुरी होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, हा नेम फार थोड्यांना पाळता येतो. एकीचे तुकडे कापून झालेले असतात, दुसरीला गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायचा राहिलेला असतो, आणि तेवढ्यात कुणीतरी घरातली जुनी फाटकी गोधडी "जरा बघ ना" म्हणून हातात ठेवतं. यात वाईट काही नाही. एक काम मशीनवरचं आणि एक मांडीवरचं असं आलटूनपालटून केलं, तर पाठ आणि डोळे दोन्ही जास्त टिकतात.

अडचण येते ती कामं एकमेकांत मिसळली की. हे कापड कशासाठी बाजूला काढलं होतं, शिलाई किती आत घेतली होती, दोरा कुठला होता, हे महिन्याभरानं आठवत नाही आणि शोधण्यात अख्खी दुपार जाते. म्हणून काम खाली ठेवताना असं ठेवायचं, की कितीही दिवसांनी उचललं तरी पाच मिनिटांत सुई चालू व्हावी. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सुरुवात: सगळं बाहेर काढा

मोकळा दिवस बघून कपाटातलं, पिशव्यांतलं, पलंगाखालचं अर्धवट काम जमिनीवर मांडा. प्रत्येक काम कुठल्या टप्प्यावर आहे ते बघून ढीग करा: कापणी आणि जोडणीचे, तीन थर (वरचा भाग, मधला भरणाचा थर आणि अस्तर) लावून टाचायचे, टाके घालायचे, गोट लावायचे, आणि दुरुस्तीचे वेगळे.

आता माझा ठाम सल्ला: कापणी-जोडणीच्या टप्प्यावर एका वेळी एकच गोधडी ठेवा. दोन गोधड्यांचे तुकडे एकाच टेबलावर आले, की सारख्या दिसणाऱ्या चिंध्यांची अदलाबदल होतेच. गोट लावायच्या दोन-तीन असल्या तरी चालतं, ते काम सुटसुटीत असतं. नवशिक्यानं एक जोडणीत, एक हाताच्या टाक्यांत आणि एक दुरुस्ती एवढंच चालू ठेवावं. चौथी रांगेत. तिचं कापड धुऊन, घडी घालून ठेवायचं, पण कात्री लावायची नाही.

ज्या कामात मन उरलेलं नाही, ते मोडून कापड मोकळं करा. अर्धी जोडलेली गोधडी वर्षानुवर्षं जागा अडवते, आणि तेच कापड दुसरीकडे अस्तराला किंवा गोटाला उपयोगी पडतं.

दुरुस्तीला आलेली गोधडी: हो म्हणण्याआधी

नव्या गोधडीत सगळं आपल्या हातात असतं. जुनी गोधडी मात्र तिच्या अटी घेऊन येते, म्हणून तिची तपासणी सावकाश करा. घाई केली, तर बाकीच्या कामांचंही वेळापत्रक तीच कोलमडवते.

ती आली की लगेच बाकीच्या कापडांत ठेवू नका. कसर (कापड खाणारी कीड) किंवा तिची अंडी असण्याची शक्यता असते, विशेषतः लोकर असेल तर. शंका आली तर पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड जागी दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका. तेवढ्यात गोधडी खोलीच्या तापमानाला येते आणि दव कापडावर न बसता पिशवीच्या बाहेर बसतं.

मग स्वच्छ पांढऱ्या चादरीवर पसरा. पुढून, मागून आणि प्रत्येक फाटल्या जागेचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. लांबी-रुंदी दोन्ही टोकांना मोजा, जुन्या गोधड्या क्वचितच काटकोनात असतात. नंतर खिडकीतल्या उजेडात एकेक तुकडा बघा. तळहातानं हलकेच चापपलं तरी कुठलं कापड दमदार आहे आणि कुठलं विरलं आहे ते कळतं.

गडद तपकिरी आणि काळ्या तुकड्यांकडे जास्त लक्ष द्या. जुन्या काळी हे रंग लोखंडाच्या क्षारांनी पक्के करत, आणि तो क्षार हळूहळू सुताला खातो. म्हणूनच शेजारचा लाल तुकडा धडधाकट आणि तपकिरी मात्र भुगा झालेला, असं दिसतं. जुन्या रेशमाचीही अशीच गत होते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाला वजन यावं म्हणून त्यात कथिलासारख्या धातूंचे क्षार भरत, आणि ते रेशीम घडी नसतानाही रेघेरेघेनं फाटत जातं. असं कापड शिवून जुळत नाही. टाका घातला की सुईच्या भोकापासून नवी चीर सुटते. ते झाकावंच लागतं.

रंग सुटतो का तेही आत्ताच बघा. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. आधी साध्या पाण्यानं, मग जो साबण वापरणार त्याच्या पाण्यानं. फडक्याला रंग लागला तर ही गोधडी पाण्यात घालायची नाही, हे तिथंच ठरलं.

कापड कशाचं आहे ते ओळखता येत नसेल, तर आतल्या शिलाईच्या कडेचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. सुती धागा भर्रकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि चुरता येईल असा काळा गोळा उरतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते.

शेवटी आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: ही रोज अंगावर घ्यायची आहे की आठवण म्हणून ठेवायची? कशात धुणार? कधी हवी? रोजच्या वापराची असेल तर कापड बदलणं, गोट नवा लावणं योग्य. आठवणीची असेल तर जुनं काहीही कापून टाकायचं नाही, फक्त आधार द्यायचा. हे बोलणं कामाआधी झालेलं बरं, आणि लिहून ठेवलेलं त्याहून बरं.

प्रत्येक कामाला एक पेटी आणि एक चिठ्ठी

झाकणाची पेटी, चेनची मोठी पिशवी, जुनी सूटकेस, काहीही चालेल. अट एकच: त्या गोधडीचं सगळं त्यातच. कापड, कापलेले तुकडे, नमुना, दोऱ्याचं रीळ आणि भरलेली बॉबिनसुद्धा. दोरा सगळ्या कामांत मिळून एक ठेवला, की तो नेमका दुसरीकडे संपतो.

पेटीत वरच दिसेल अशी जाड कागदाची चिठ्ठी ठेवा. तिच्यावर एवढं लिहा:

- गोधडीचं नाव, कुणाची, तारीख दिली असेल तर ती
- पुरी झाल्यावरचं माप, आणि आज आहे ते माप
- शिलाईसाठी आत घेतलेलं अंतर (बहुतेक वेळा पाव इंच), मशीनच्या टाक्याची लांबी, सुईचा नंबर
- दोऱ्याचा रंग आणि जाडी, खाली दोऱ्याचा तुकडा चिकटवून
- मधल्या थराच्या पाकिटावर दोन शिलायांमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं, ते
- कापडं धुतलेली की न धुतलेली
- पुढचा टाका

शेवटची ओळ मी कधीच मोकळी सोडत नाही. "टाके घालायचे" एवढं लिहून भागत नाही. "डावीकडून तिसऱ्या ओळीत, निळ्या चौकोनाच्या खालच्या कडेपासून सुरू; दोरा करडा; सुई ९ नंबर" असं लिहा. उठायच्या आधी दोन मिनिटं त्यासाठी राखा. काम हातात असताना ते आपल्याला स्वच्छ दिसत असतं, तेव्हा लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत.

कापलेले तुकडे ओळीनुसार लावून, प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला कागदाचा नंबर टाचा. सगळी मांडणी जमिनीवर लावल्यावर फोटो काढून त्याची प्रत पेटीत टाका. फोटो फोनमध्येच राहिला तर बाकीच्या फोटोंत हरवतो.

कुठे थांबावं, कुठे थांबू नये

अनेक कामं चालू असतील तर काहींना आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. गोधडीच्या काही टप्प्यांवर थांबणं सुरक्षित आहे, काहींवर नाही. नवशिक्यांना हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्तारानं.

कापड धुऊन इस्त्री करून ठेवलेलं कितीही थांबतं. सरळ कापलेले चौकोनही थांबतात. उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, कडा असलेले त्रिकोणासारखे तुकडे मात्र हाताळण्यानं ताणले जातात. ते कापले की लवकर जोडून टाका. नाहीच जमलं तर सपाट, न दुमडता ठेवा.

जोडून झालेला वरचा भाग थांबू शकतो, पण त्याच्या बाहेरच्या कडेला पाव इंचाच्या आत मशीनची एक सैल शिलाई मारून ठेवा. नाहीतर उचलाठेवीत कडेच्या शिलाया उसवतात.

तीन थर लावून सेफ्टी पिनांनी टाचलेली गोधडी लांब थांबवू नका. दमट हवेत पिना गंजतात आणि गंजाचा डाग जात नाही. मोठी सुट्टी घ्यायची असेल तर पिनांऐवजी कच्चा दोरा घाला. अस्तर आणि मधला थर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी ३-४ इंच मोठे ठेवलेत ना, तेही बघा. घड्या घालताना थर थोडे सरकतात.

खुणा केल्यात तर अजिबात थांबू नका, निदान ती जागा तरी शिवून घ्या. पाण्यानं जाणाऱ्या शाईवर चुकून इस्त्री फिरली तर ती पक्की बसते. उष्णतेनं जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटते, तेव्हा फ्रीजरमध्ये जाऊ शकेल अशा गोधडीवर ती नको. चिकटपट्टी लावून रेघ धरत असाल तर त्याच दिवशी काढा, कारण तिचा चिकटा राहतो.

हातानं टाके घालताना कापड ताणून धरणारी गोल चौकट रोज उठण्याआधी काढायची. चौकटीत ताणलेलं कापड तसंच राहिलं तर गोल वळ उठतो आणि त्यात धूळ बसते. सुईही कापडात खोचून ठेवायची नाही, तीही गंजते.

दुरुस्तीचा नियम याहून कडक आहे: उसवलेली जागा कधीही उघडी टाकून उठायचं नाही. आतला कापूस सरकतो, धागे सुटत जातात. काम अर्धं असलं तरी जाळीचा किंवा सुती कापडाचा तुकडा वर ठेवून कडेनं कच्चा टाका घाला आणि मगच घडी करा. घडीच्या जागी कापडाची गुंडाळी द्या, म्हणजे धारदार चुणी पडत नाही.

कामं गोळा करून करा

आजचा दिवस या गोधडीचा, उद्याचा त्या गोधडीचा, अशी वाटणी करण्यापेक्षा कामाच्या प्रकाराप्रमाणे वाटणी करावी. मशीन मांडली आहे तर एकीची जोडणी, दुसरीच्या गोटाच्या पट्ट्या आणि तिसरीच्या दुरुस्तीसाठी लागणारी अस्तराची जोड, हे सगळं एका बैठकीत होतं. फिकट करडा दोरा बहुतेक रंगांत मिसळून जातो. जोडणीसाठी तोच ठेवून चार-पाच बॉबिन एकदम भरल्या, तर दर वेळी दोरा बदलावा लागत नाही.

कापणी मात्र एका वेळी एकाच गोधडीची. टेबल पुसून, उरलेल्या चिंध्या पेटीत टाकून मगच दुसरी.

गोट मोजायचा हिशोब एकदा नीट समजून घ्या, प्रत्येक गोधडीला तो लागतो. समजा गोधडी ६० बाय ८० इंच आहे. घेर २८० इंच. कोपरे आणि शेवटची जोड यांसाठी १२ धरले की २९२. कापडाची वापरता येणारी रुंदी ४२ इंच असेल तर सात पट्ट्या कशाबशा पुरतील असं वाटतं. पण अडीच इंची पट्ट्या तिरक्या जोडताना प्रत्येक जोडीत साधारण अडीच इंच जातात. सहा जोडींत १५ इंच गेले, म्हणजे लागणार ३०७. तेव्हा आठ पट्ट्या कापा, त्यासाठी २० इंच कापड बाजूला ठेवा. वरचा भाग शिवायला घेतानाच हे कापड चिठ्ठीसह पेटीत टाकलं, तर ते चुकून दुसऱ्या कामात कापलं जात नाही.

मध्ये बरेच दिवस गेले असतील, तर मशीनवर बसल्यावर आधी पाव इंचाची परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडा आणि इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. केसभर फरक असला तरी २० तुकड्यांच्या ओळीत तो वाढत जातो. मशीनची सुई साधारण आठ तासांच्या शिवणानंतर बदलावी. बॉबिनच्या खाचेतली कापडाची लव त्याच वेळी ब्रशनं काढा.

हाताचं काम मात्र अर्ध्या-अर्ध्या तासात होतं. हाताच्या टाक्यांसाठी आखूड सुया मिळतात. नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, तेव्हा सुरुवात ८ किंवा ९ नंबरनं करा. इंचाला पाच-सहा टाके आले तरी पुरे, पण सारखे हवेत. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

विरलेला तुकडा झाकायचा कसा

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम हेच. जुना तुकडा काढायचा नाही, त्याच्यावर नवा बसवायचा.

१. जुन्या तुकड्यावर पातळ कागद ठेवून त्याच्या चारही शिलायांच्या रेघा पेन्सिलीनं उमटवा. चौकोन दिसला तरी तो आता चौकोन नसतो. जसा आहे तसाच उतरवून घ्या.

२. नवं कापड जुन्याइतकंच किंवा त्याहून थोडं पातळ निवडा. जाड, कडक कापड शेजारच्या दुबळ्या कापडाला ओढून फाडतं. सुती कापड धुताना ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणून आधी धुऊन, वाळवून घ्या.

३. कागदाचा आकार नव्या कापडावर ठेवताना उभा-आडवा धागा जुन्याशी जुळवा. भोवती पाव इंच सोडून कापा, आणि तो पाव इंच कागदावरून मागे दुमडून इस्त्री करा. कागद काढून घ्या.

४. तुकडा जागेवर ठेवा, मधूनच एक कच्चा टाका घाला, मग कडा टाचा. ताणून बसवू नका. खालच्या थराबरोबर सहज पडला पाहिजे.

५. बारीक सुती दोऱ्यानं कडेनं लपता, म्हणजे वरून न दिसणारा, टाका घाला, आणि टाका जुन्या शिलाईपलीकडच्या धड कापडात धरा. इथं पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा मजबूत दोरा वापरायचा मोह टाळा. दोरा कापडापेक्षा बळकट असला, की ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड चिरतं.

६. शेवटी जुन्या टाक्यांच्या रेघा नव्या तुकड्यावरून, तिन्ही थरांतून परत घाला. शेजारच्या भागात इंचाला किती टाके आहेत ते मोजा आणि तेवढेच घाला. तुमचा हात त्याहून बारीक चालत असला तरी नको, कारण नवी जागा नेमकी त्यानंच डोळ्यात भरते.

चिरत गेलेल्या रेशमावर तुकडा ठेवायचा नसेल आणि मूळचा रंग दिसत राहावा असं वाटत असेल, तर जुळत्या रंगाची बारीक जाळी वर पसरून तिच्या कडा धड शिलायांत टाचून घ्या. इस्त्रीनं चिकटणारं कापड आणि डिंक जुन्या गोधडीला लावू नका. ते परत निघत नाहीत आणि पुढच्या माणसाची दुरुस्ती अशक्य होते.

धुवायची तर

उसवलेल्या शिलाया आधी सांधा, मग धुवा. उघड्या कडा पाण्यात सुटतात. विरल्या जागांवर धुण्यापुरती जाळी टाचा. टबात आधी चादर पसरा आणि तिच्यावर गोधडी ठेवा. भिजलेली गोधडी फार जड होते, आणि कोपरा धरून उचलली तर स्वतःच्याच वजनानं टाके तटातट तुटतात. चादरीसकट उचला. पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळवा. तो दिवस दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका, कारण जमीन आणि टेबल दोन्ही अडकलेले असतात.

तारीख देण्याआधी

आपला वेग मोजल्याशिवाय तारीख देऊ नये. एक तुकडा झाकायला किती वेळ लागला, एक चौकोन हातानं भरायला किती, ते घड्याळ लावून बघा आणि संख्येनं गुणा. दुरुस्तीत त्यावर आणखी निम्मा वेळ धरा, कारण एक जागा उघडली की शेजारची दुबळी जागा दिसतेच. मग तारखेपासून उलटे मागे या: गोट कधी, टाके कधी संपले पाहिजेत, थर कधी लावायचे. मागे येता येता आजच्याही आधीचा दिवस निघाला, तर "नाही" म्हणा. दुसऱ्याच्या घरातली ठेव आपल्या कपाटात वर्षभर पडून राहणं दोघांनाही जड जातं.

काम पुरं झाल्यावर

घडी करण्याआधी लोहचुंबक सगळ्या गोधडीवरून फिरवा, पुढून आणि मागून. टाचण्या आणि सुयांचे तुकडे राहून जातात. दुरुस्तीच्या फोटोंच्या शेजारी आत्ताचे फोटो ठेवा. काय बदललं, कुठलं कापड आणि कुठला दोरा घातला, काय मुद्दाम तसंच ठेवलं, हे एका कागदावर लिहून गोधडीबरोबर द्या. सोबत नव्या कापडाचा हातभर तुकडाही द्या, म्हणजे पुढे कधी लागला तर त्याच धुण्यातलं, त्याच रंगाचं कापड हाताशी असेल.

ठेवायची कशी तेही सांगा: प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, उघड्या लाकडाला टेकून नको, उन्हात नको. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळावी आणि वर्षातून दोनदा उघडून घडीच्या जागा बदलाव्यात.

पेटी रिकामी झाली की चिठ्ठी फाइलीत लावा, पेटी पुसा, आणि रांगेतल्या गोधडीचं कापड तिच्यात भरा. नवी चिठ्ठी कात्री लावण्याआधी लिहा.